शहाणा आणि आळशोबा

शहरातलं इस्पितळ
१७ फेब्रुवारी १९९४

रान्वा,

सोमवारी फोनवर मी तुला म्हणालो की मारेनच्या डोळ्याला जरा लागलंय. जरा नाही, बरंच लागलंय. तू विचारलंस, "कुठल्या डोळ्याला?" आणि मी म्हणालो, "लाईन तुटतेय, नंतर बोलू." लाईन तुटत नव्हती. तुझ्या माहेराहून, तोर्शाव्नमधून, तुझा श्वास इतका स्पष्ट ऐकू येत होता की तू शेजारच्या खोलीतूनच बोलतेयस असं वाटावं. माझाच धीर सुटला.

उजव्याला लागलंय. आपल्या शहाण्याला.

आळशोबाला लागलं असतं तर, मी काही वाईट बाप नाही, पण मनात कुठेतरी हुश्श म्हणालो असतो. जन्मतःच मोतीबिंदू घेऊन आलेला तो डावा डोळा. दोन महिन्यांची असताना त्याचं ऑपरेशन, मग रोज सकाळी बोटाने त्यात काढघालीचं भिंग बसवायचं, आणि रोज दुपारी शहाण्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशोबा कामाला लागेल. सात वर्षं आपण त्या आळशोबाच्या मागे लागलो, शेवटची दोन मी एकट्याने. त्याच्यापायी भांडलो, त्याच्यापायी तू गेलीस. शहाण्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तो बिचारा आपोआप सगळं बघत होता.

काय झालं ते लिहितो. सोमवारी शाळेत फास्टेलाउनच्या सणाचा पिंप फोडायचा खेळ होता. दोरीला पिंप टांगलेलं, आत संत्री आणि गोळ्या, पोरं सोंगं घेऊन रांगेत; सोट्याने तळ पाडेल ती मांजरांची राणी, तिला मुकुट. दरवर्षी लहानांच्या पिंपाच्या फळ्या आधीच अर्ध्या कापून ठेवतात. या वर्षी पहिलं पिंप दुसऱ्याच फेरीत फुटलं. पोरं हिरमुसली. मग मोठ्यांसाठी आणलेलं पिंप टांगलं, दुधाच्या डेअरीतलं जुनं, लोखंडी पट्ट्यांचं. कोणी टांगलं म्हणून विचारू नकोस. आम्ही सगळ्यांनीच टांगलं. दोरी मीच धरली होती.

तिसऱ्या फेरीत मारेनने सोटा असा काही फिरवला की तळ खाडकन निखळला. पोरं ओरडली, "मांजरांची राणी! मांजरांची राणी!" आणि त्याच फटक्याने वरची लोखंडी पट्टी सुटली आणि तिच्या तोंडावर आली. ती रडलीसुद्धा नाही. बर्फात बसली. संत्री घरंगळत होती, आणि पोरं अजून टाळ्या वाजवत होती.

मग शहराकडे नेणारी आपली फेरीबोट. बेटावर दुसरा कप्तान त्या दिवशी तापाने झोपलेला. म्हणजे बोट मीच चालवायची. खाली कॉफीवाल्या बोडिलने तिला मांडीवर घेतलं आणि मी वर सुकाणूवर. माझ्या लेकीला मी पोचवत होतो आणि तिचा हात दुसऱ्याच्या हातात होता. धक्का सोडताना भोंगा द्यावा लागतो, तो दिला. का दिला कोण जाणे. सवय.

किनाऱ्याला लागल्यावर खाली धावलो तेव्हा तिच्या डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट होता. कुणीतरी घातलेला. तिने विचारलं, "बाबा, मी खरंच जिंकले का? की लागलं म्हणून दिला?"

"खरंच जिंकलीस," मी म्हणालो.

त्याच रात्री टाके घातले. लोखंडी पट्टीने डोळ्याची पुढची काच चिरली आहे आणि आतल्या भिंगालाही छेद गेलाय. आता वाट बघायची, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

तू पाठवलेलं पार्सल उशिरा पोचलं. ती माझा जुना रेनकोट घालून खलाशी झाली होती. तुझं पार्सल घरी तसंच आहे.

ट्रोल्स


बेट
१२ मार्च

रान्वा,

तुझं पत्र आलं. सगळं मिळून चार ओळी, आणि त्यातली एक हवामानाची. तिथे वादळ आहे हे कळलं. इथेही आहे.

शहाणा पांढरा झाला होता. आतलं भिंग फाटलं की ते फुगतं आणि नासलेल्या दुधासारखं होतं. मोतीबिंदूच तो. एका डोळ्यात जन्माचा, दुसऱ्यात फटक्याचा. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा मी मान डोलवत होतो, आणि मनात म्हणत होतो, देवा, एवढी एकच वस्तू होती का रे तुझ्या दुकानात?

ते भिंग परवा काढलं. आत नवं बसवलंय. सूज उतरली की दिसेल, निदान थोडं तरी. पण एका डोळ्याच्या दुखण्याची झळ दुसऱ्यालाही लागू शकते म्हणे, म्हणून दर आठवड्याला आळशोबालाही तपासतात. आता ताईत झालाय तो आमचा.

घरात मारेन भिंत धरून चालते. आळशोबाला दारं दिसतात, माणसं दिसतात, पण तोंडं नीट नाहीत. पुस्तकातली मोठी अक्षरं नाकाला लावून वाचते. सकाळी त्यात भिंग बसवणं हे माझ्या नशिबी आलंय, आणि माझी बोटं तुला ठाऊक आहेत. ही बोटं दोर ओढण्यासाठी दिलेली. पहिल्या दिवशी भिंग तीनदा पडलं, एकदा लापशीत.

"आईला एका झटक्यात जमायचं," मारेन म्हणाली.

"आईचे हात छोटे आहेत."

"आई फुंकर मारायची आधी. तू मारत नाहीस."

मग फुंकर मारली. बसलं. हे एवढंसं मला सांगून गेली असतीस तर काय बिघडलं असतं? तू गेल्यानंतर वर्षभर बेटावरची नर्स रोज सकाळी यायची, मग मारेन स्वतःच आरशात बघून बसवू लागली. शहाण्याने बघायची आणि आळशोबात बसवायची. आता आरशात बघायला कोणी नाही.

तू लिहिलंयस, "पट्टीची एवढी जबरदस्ती करूनही शेवटी काय मिळालं?" हे वाक्य वाचून मी पत्र चुलीत टाकणार होतो. बोडिलने हातातून काढून घेतलं. बोडिल म्हणजे तीच, अजून बोटीवर कॉफी विकते, अजून तिला कुणाचंही पत्र वाचायची लाज वाटत नाही.

"अरे, ती विचारत नाहीये, ती रडतेय," बोडिल म्हणाली.

"मग रडावं ना सरळ."

"तू कधी रडलास सरळ? तुझं तोंड बघून समुद्राला मळमळेल अशी तुझी गत, आणि दुसऱ्याला शिकवतोस!"

काय मिळालं ते सांगतो. त्या जबरदस्तीतून मिळालेली जेवढी नजर आहे, तेवढ्यावर तुझी लेक आज स्वतःच्या पायाने संडासला जाते. ती पट्टी लावली नसती तर आज तिला दिवस आणि रात्र एवढाच फरक कळला असता.

मला ठाऊक आहे, तुला ते रडणं सहन होत नव्हतं. ती पट्टी ओरबाडायची आणि तू घराबाहेर पडून धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहायचीस, म्हणून तर मी तिला पाळण्यात असल्यापासून दुपारच्या फेरीला बोटीवर न्यायला लागलो. सकाळचं भिंग तुझं, दुपारची पट्टी माझी, अशी वाटणीच पडली. मला वाटायचं की सोपं काम तू घेतलंस. त्या दिवशी लापशीतून भिंग शोधताना ते मत बदललं.

ट्रोल्स


बेट
३० मार्च

रान्वा,

आज चांगली बातमी आहे, म्हणून चांगल्या कागदावर लिहितोय.

शहाण्याची पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी बोटं नाचवली आणि मारेनने बरोबर सांगितली, तीन. मग एकदम ओरडली, "लाल!" कोपऱ्यात बोडिल उभी होती, तिचा तो भयंकर लाल स्वेटर घालून. बोडिल म्हणाली, "बघ, वीस वर्षं लोक हसतात या स्वेटरला, आज कामी आला." आणि तिने इस्पितळातच नाक शिंकरलं, इतक्या जोरात की नर्स धावत आली.

धुरकट आहे सगळं. पण नवा चष्मा मिळाला की आणखी सुधारेल. जाड काचेचा, न फुटणारा. तो ती आता कायम घालणार आहे, झोपेतसुद्धा घातला तरी मी नको म्हणणार नाही.

येताना बोटीवर तिला वर माझ्याजवळ घेतलं. "बाबा, हिरवा बोया डावीकडे!" म्हणून ओरडली. पाण्यातली ती तरंगती खूण मलाही धुक्यात दिसली नव्हती. मी विचारलं, "कोणी बघितला, शहाण्याने की आळशोबाने?" तर म्हणते, "आळशोबाने. बोये त्यालाच पाठ आहेत. शहाण्याला बोटीतलं काही येत नाही, त्याची नेहमी सुट्टी असायची." मी खूप हसलो. तिचंही खरंच. पट्टीच्या दुपारी ती कायम माझ्यासोबत असायची. लाल बोया, हिरवा बोया, लाईफजॅकेटच्या पेटीवरची अक्षरं, माझी दाढी, ही आळशोबाची शाळा.

सोबत तिचं पत्र आहे. जाड काळ्या पेनाने लिहिलंय, एका पानावर चार शब्द मावतात. मला वाचू दिलेलं नाही. "हे बायकांचं आहे," म्हणाली.

ईस्टरला तुझ्याकडे अंडी रंगवतात का? आमची रंगवून झाली. सगळी लाल आहेत, सांगायला नकोच.

ट्रोल्स


बेट
१४ एप्रिल

रान्वा,

हो.

तिने तुला लिहिलं की मांजराचा मुखवटा शाळेतच राहिलाय आणि बाबा आणून देत नाही. आणि तू मला विचारलंस, कुठला मुखवटा. तूच पाठवलेला, रान्वा. पार्सल वेळेवर पोचलं होतं, दोन दिवस आधीच. ती तो घालून झोपली होती. खलाशी, रेनकोट, हे सगळं मी रचलं.

तो मुखवटा चष्म्यावर बसत नव्हता. तिला जो संरक्षणाचा चष्मा दिलाय, एकच डोळा धड असलेल्या पोरांना देतात तो, तो तिने काढून माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "नको." ती म्हणाली, "आईने पाठवलाय, बाबा. मांजराला चष्मा असतो का?" आणि मी म्हणालो, "बरं, अर्धा तासच." ती लोखंडी पट्टी सुटली तेव्हा चष्मा माझ्या खिशात होता. अजून त्या कोटाच्या खिशातच आहे. तो कोट मी घालत नाही.

सात वर्षं डोळ्यात तेल घालून जपलं आणि अर्ध्या तासासाठी घालवलं.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तिथे तुला धरून ठेवायला कोणी नाही. तुझी आई आहे, पण ती तुला "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली असती, आणि ते मला आवडलं नसतं. मी तुझ्यावर रागावलेलो असलो तरी दुसऱ्या कुणी तुला बोललेलं मला अजून खपत नाही. हे वाचून हसू नकोस.

मुखवट्याने काही केलेलं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा तो. तू प्रेमाने पाठवलास, तिने प्रेमाने घातला. "बरं" म्हणालो तो मी. आता तू रोज बसून स्वतःला खाशील हे मला माहीत आहे. खाऊ नकोस. निदान माझ्या वाट्याचं तरी ठेव.

ट्रोल्स


शहरातलं इस्पितळ
२० मे

रान्वा,

शहाण्याचा मागचा पडदा सुटला. मंगळवारी ती म्हणाली की वरून काळा पडदा खाली येतोय, नाटक संपल्यासारखा. त्याच दिवशी आणलं. दोनदा ऑपरेशन केलं. बसला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली तेव्हाच मला कळलं. चांगली बातमी सांगायला कोणी बसत नाही. म्हणाल्या, "आम्ही सगळं केलं." मी म्हणालो, "हो, दिसलं मला." मग मला माझ्याच शब्दांची लाज वाटली.

आळशोबाला झळ लागलेली नाही. तो आहे तसा आहे. जेवढं दिसतं तेवढंच दिसणार, वाढणार नाही, आणि जपलं तर कमी होणार नाही.

मारेनला मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शहाणा गेला?"

"गेला."

"त्याला पुरायचं का?"

"नाही, तो तिथेच राहणार. फक्त बघणार नाही."

मग म्हणाली, "बरं झालं आपण आळशोबाला शिकवून ठेवलं."

मला आज आणखी लिहवत नाही.

ट्रोल्स


बेट
५ जून

रान्वा,

तुझं लांबलचक पत्र आलं. एवढं मोठं पत्र तू लग्नाआधीही कधी लिहिलं नव्हतंस. ते मी बोडिलला दिलं नाही. तिने मागितलं, तरी नाही.

तू लिहितेस की बोटीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलंय आणि रोज बघतेस. विचारतेस, मी कुठल्या तोंडाने येऊ? काल जे झालं ते सांगतो, मग तूच ठरव.

तुझा तो फोटो, स्वयंपाकघरात खिडकीशेजारी आहे तो, धक्क्यावर वाऱ्यात केस उडतायत तो. मी काढून ठेवलेला नाही. कधीच काढला नव्हता, तुला वाटत असेल तर. काल मारेन खुर्चीवर चढली, फोटो उतरवला आणि नाकाला लावून बघत बसली. मी बटाटे सोलत होतो.

"बाबा, आई अशी आहे?"

"अशीच. का गं?"

"मला वेगळी आठवते."

"वेगळी कशी?"

"आठवते ती हलते. आणि हसते तेव्हा इथे खळी पडते. यात खळी नाही दिसत." मग तिने फोटो थोडा लांब धरला, परत जवळ आणला. "बाबा, आळशोबाने आईला कधी बघितलंय?"

मी म्हणणार होतो, हो तर, रोज बघायचा. पण तिने माझ्याआधीच हिशोब मांडला होता.

"दुपारी मी बोटीवर असायचे आणि आई घरी. आणि पट्टी नसायची तेव्हा आळशोबा झोपलेला असायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या ना, दोन्ही उघडे असले की डोकं शहाण्याचंच ऐकतं?"

म्हणाल्या होत्या, रान्वा. तेव्हाचे डॉक्टरही तुझ्यासमोर हेच म्हणाले होते, ती दोन वर्षांची असताना. तू सकाळी तिच्या डोळ्यासमोर वाकायचीस, फुंकर मारायचीस, भिंग बसवायचीस, तिच्या नाकाला नाक लावायचीस, आणि ते सगळं शहाणा बघत होता. सगळी आई त्याच्याकडे होती. तो घेऊन गेला.

"म्हणजे आळशोबाला तू माहीत आहेस," ती म्हणाली, "बोये माहीत आहेत, बोडिलमावशी माहीत आहे. आई माहीतच नाही." आणि मग रडली. इस्पितळात रडली नाही, बर्फात रडली नाही, टाके घालताना रडली नाही. काल रडली. मी बटाट्याच्या हातानेच तिला धरलं.

मीही रडलो. बोडिलला सांगू नकोस, ती स्वेटर घालून बघायला येईल.

मी तुला दुपारी बोटीवर एकदाही बोलावलं नाही. तुला ते रडणं बघवत नाही म्हणून नाही. मला ती दुपार माझी एकट्याची वाटायची.

तेव्हा कुठल्या तोंडाने यायचं हे विचारू नकोस. तेच तोंड घेऊन ये. तिला तेच हवंय. तुझ्यामाझ्यात काय उरलंय, नाही उरलंय, ते नंतर धक्क्याच्या टोकाला उभे राहून भांडू. माझी काही अट नाही. माजघरातली खाट आवरून ठेवतो.

मी मारेनला सांगणार नाही तू कधी येतेस ते. मुख्य भूमीवरून दुपारच्या फेरीला ये, माझ्याच बोटीला. ती वर माझ्याजवळ उभी असेल. मी तिला म्हणेन, जा, खालून कॉफी आण. ती कठडा धरून खाली येईल, जाड चष्मा लावून. जिना तिचा पाठ आहे, तू धरायला धावू नकोस.

तुझा आवाज तिला ओळखता येतो. म्हणून हाक मारू नकोस. नुसती जवळ जा, उजेडाकडे तोंड करून, तिच्या तोंडापर्यंत वाक, आणि उभी राहा. जमलं तर हस, म्हणजे खळी पडेल. घाई करू नकोस. आळशोबाला वेळ लागतो.

ट्रोल्स